उड्डाणाआधीचे दोन तास: बर्फात विमानाचं इंजिन गरम ठेवणाऱ्यांची गोष्ट

ज्यांचा एपिसोड लोकलच्या गर्दीत अर्धवट राहिला, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा लिखित अवतार. बोलताना माझं जे ‘म्हणजे... अं...’ चालतं ते काढून टाकलंय. बाकी सगळं तसंच आहे.

सुरुवात एका वायरपासून.

माझा मावसभाऊ कॅनडात एडमंटनला असतो. मागच्या हिवाळ्यात व्हिडिओ कॉलवर तो मला त्याची नवी गाडी दाखवत होता. गाडीच्या पुढच्या जाळीतून एक वायर बाहेर लोंबत होती आणि तिच्या टोकाला चक्क आपल्या मिक्सरला असतो तसा प्लग. मी म्हटलं, “दादा, इलेक्ट्रिक घेतलीस का?” तो हसायला लागला. “अरे पेट्रोलचीच आहे. रात्री इंजिनाला प्लग लावून झोपवावं लागतं, नाहीतर सकाळी उठत नाही.”

इंजिनाला ऊब देणारा हा हीटर तिकडे इतका नेहमीचा आहे की पार्किंगमध्ये गाडीगणिक सॉकेट असतात. त्याचं एक गाजलेलं पेटंट १९४९ सालचं, अँड्र्यू फ्रीमन या अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाच्या माणसाचं. पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो वेगळाच. १९४९ च्या आधी काय करत असतील? आणि गाडीचं ठीक आहे, नाही सुरू झाली तर घरात जाऊन बसता येतं. विमानाचं काय? घरापासून तीनशे किलोमीटरवर, गोठलेल्या तळ्यावर उतरलेलं छोटं एक इंजिनाचं विमान सकाळी सुरूच झालं नाही, तर?

शोधत गेलो आणि मला अलास्का आणि उत्तर कॅनडाचा शंभर वर्षांपूर्वीचा इतिहास सापडला. त्यात वैमानिकांची नावं मोठ्या अक्षरात आहेत. मला मात्र गोष्ट सांगायचीय ती उड्डाणाच्या आधीच्या दोन तासांची.

आधी थोडं विज्ञान, घाबरू नका

डिसेंबरात तुमच्या घरी खोबरेलाची बाटली थिजते ना? उन्हात ठेवावी लागते किंवा गरम पाण्यात. आता तेच इंजिनाच्या ऑइलचं करून बघा. त्या काळातलं विमानाचं ऑइल मुळातच जाड असायचं. उणे तीस-चाळीस अंशांत ते ओतायच्या लायकीचं राहायचं नाही, डिंकासारखं व्हायचं. इंजिनातल्या पंपाला ते खेचताच येत नाही. म्हणजे इंजिन कसंबसं सुरू झालंच, तर पहिली काही मिनिटं धातूवर धातू कोरडा घासणार.

दुसरी अडचण पेट्रोलची. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. कडाक्याच्या थंडीत ती वाफ पुरेशी होतच नाही. तिसरी अडचण जरा गमतीशीर आहे. इंजिनाचं बाहेरचं कवच ॲल्युमिनियमचं आणि आतला मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, पोलादाचा. थंडीत ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट आकसतं. म्हणजे बाहेरचा सदरा आटतो आणि आतला माणूस तेवढाच राहतो. जिथे दोन भागांमध्ये केसाएवढी फट हवी, तिथे ती उरत नाही.

चौथी अडचण मला सगळ्यात आवडली. इंजिन दोन-चार ठिणग्यांपुरतं पेटून पुन्हा विझलं, तर जळताना जी पाण्याची वाफ तयार झाली ती स्पार्क प्लगवरच गोठते. प्लगवर बर्फ बसला, ठिणगी बंद. म्हणजे अर्धवट सुरू होणं हे अजिबात सुरू न होण्यापेक्षा वाईट.

आम्ही सॉफ्टवेअरवाले ‘कोल्ड स्टार्ट’ हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरतो. झोपलेला सर्व्हर पहिल्या रिक्वेस्टला जागा व्हायला वेळ लावतो, त्याला म्हणतो. तो शब्द कुठल्या थंडीतून आलाय, हे मला आत्ता कळलं.

१९२५: विमानं होती, तरी कुत्रे का धावले?

नोम हे अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरचं गाव. जानेवारी १९२५ मध्ये तिथे घटसर्पाची साथ आली. समुद्र गोठलेला, जहाज येणं शक्य नाही. डॉक्टर कर्टिस वेल्च यांच्याकडचं औषध, म्हणजे अँटिटॉक्सिन, जुनं झालेलं. अँकरेजच्या रुग्णालयात तीन लाख युनिट सापडले. ते रेल्वेने नेनाना गावापर्यंत आले आणि तिथून पुढे सुमारे १,०८५ किलोमीटर कुत्र्यांच्या गाड्यांनी. वीस चालक, जवळपास दीडशे कुत्रे, साडेपाच दिवसांत २ फेब्रुवारीला औषध नोममध्ये. शेवटच्या गाडीच्या पुढे धावणाऱ्या बाल्टोचा पुतळा आजही न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये आहे. सगळ्यात लांब आणि अवघड टप्पा लिओनार्ड सेपाला आणि त्याच्या टोगोने पार केला होता. आणि या वीस जणांमध्ये अनेक जण तिथले मूलनिवासी होते, ज्यांचे पुतळे वगैरे काही झाले नाहीत.

ही गोष्ट तुम्ही सिनेमात पाहिली असेल. पण तेव्हा फेअरबँक्स गावात विमानं होती! नोमचे महापौर जॉर्ज मेनार्ड यांचा आग्रहच होता की औषध विमानाने आणा. एक वर्ष आधी, २१ फेब्रुवारी १९२४ ला, कार्ल बेन आयलसन या वैमानिकाने फेअरबँक्सहून मॅकग्राथला टपाल नेलंसुद्धा होतं. कुत्र्यांच्या गाडीला जिथे दोन आठवड्यांहून जास्त लागायचे, तिथे तो तीन तासांच्या आत पोहोचला. येताना अंधारात वाट चुकला, तेव्हा गावकऱ्यांनी होळ्या पेटवून त्याला मैदान दाखवलं. टपाल खात्याने काही फेऱ्यांनंतर तो करार बंद केला.

पण १९२५ च्या जानेवारीत आयलसन अलास्कात नव्हता. फेअरबँक्समधली विमानं हिवाळ्यासाठी सुटी करून ठेवलेली. कॉकपिट उघडे. आणि मुख्य म्हणजे इंजिनं पाण्याने थंड होणारी. बाहेर उणे चाळीसच्या खाली पारा आणि तुमच्या इंजिनात पाणी! गव्हर्नर स्कॉट बोन यांनी विमानाला नाही म्हटलं आणि कुत्र्यांना हो.

तेव्हाच्या वर्तमानपत्रांत या निर्णयावर टीका झाली. मी स्वतः पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं, काय हा सरकारी बाबूपणा! हाताशी नवं तंत्रज्ञान आहे आणि तुम्ही कुत्री धाडताय. पण मग पुढचा भाग वाचला.

औषधाचा दुसरा साठा फेब्रुवारीत आला. या वेळी ठरलं की अर्धं औषध कुत्र्यांनी आणि अर्धं विमानाने न्यायचं. ८ फेब्रुवारीला विमान तयार केलं. रेडिएटरसमोर थंड वारा अडवायला झडपा असतात. ती झडप तुटली आणि इंजिन चक्क जास्त तापलं. हाड गोठवणाऱ्या थंडीत इंजिन तापून बंद! दुसऱ्या दिवशीही जमलं नाही आणि तो बेतच रद्द झाला. कुत्रे मात्र पुन्हा एकदा पोहोचले.

याचा अर्थ काय लावायचा? मला वाटतं, गव्हर्नर बोन यांनी वेग नाही निवडला, खात्री निवडली. कुत्रा हे असं इंजिन आहे जे स्वतःला स्वतः गरम ठेवतं. विमानाला त्या थंडीत तगवायचं कसं, याची पद्धतच अजून बसली नव्हती. यंत्र होतं, यंत्राभोवतीची सवय नव्हती.

सवय कशी घडली

ती सवय पुढच्या पाच-सात वर्षांत घडली. कोणा एका शास्त्रज्ञाने नाही घडवली. अलास्का आणि कॅनडातल्या वैमानिकांनी आणि त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या मेकॅनिकांनी ती चुकत-माकत घडवली. पाण्याची कटकट गेली ती राइट व्हर्लविंडसारख्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनांमुळे. (लिंडबर्गने १९२७ मध्ये अटलांटिक ओलांडला तो याच जातीच्या इंजिनावर.) पण ऑइलची आणि धातूची कटकट तशीच होती. त्यावरचा रोजचा विधी असा.

संध्याकाळी विमान गोठलेल्या तळ्यावर किंवा नदीवर उतरलं. प्रवासी थंडीने कुडकुडत उतरून झोपडीत पळाले. पण मेकॅनिक नाही. इंजिन गरम आहे तोवरच त्याला सगळं ऑइल डब्यात काढून घ्यायचंय. दहा-पंधरा मिनिटं उशीर झाला की ऑइल टाकीतच थिजणार आणि मग सकाळी टाकीच शेकत बसा. मग विमानाच्या बर्फावरच्या पट्ट्या, म्हणजे स्की, त्यांच्याखाली लाकडाचे ओंडके किंवा फांद्या सरकवायच्या, नाहीतर रात्रीत स्की बर्फाला चिकटतात. पंखांवर कापडी खोळी चढवायच्या, कारण पंखावर जमलेलं दव-बर्फ विमानाला उचलू देत नाही. एवढं झालं की ऑइलचा डबा उचलून घरात, शेगडीजवळ. पाहुण्याच्या आधी ऑइलला जागा.

आणि सकाळी? सकाळ म्हणजे उजाडायच्या बरीच आधी. उत्तरेकडे हिवाळ्यात दिवस तीन-चार तासांचा. उजेड वाया घालवून चालत नाही, म्हणून शेकायचं काम अंधारातच. विमानाच्या नाकावर जाड कॅनव्हासची खोळ टाकायची, जमिनीपर्यंत लोंबणारी, तंबूसारखी. आत इंजिनाच्या खाली एक-दोन फायर पॉट पेटवायचे. आपल्याकडे पूर्वी घरोघरी पंप मारून पेटवायचा स्टोव्ह असायचा ना, फरफर आवाज करणारा? त्याचाच दांडगा भाऊ समजा, प्लंबर लोक शिसं वितळवायला वापरायचे तो.

आता विचार करा. कॅनव्हासच्या बंद तंबूत, पेट्रोलने भरलेल्या विमानाखाली, ज्याला कापडाचे पंख आहेत, तुम्ही उघडी ज्योत पेटवलीय. वर इंजिनातून थेंब-थेंब तेल-पेट्रोल गळतंय. म्हणून एक माणूस सतत आत बसायचा, हाताशी आग विझवायचं नळकांडं घेऊन. डोळे धुराने चुरचुरतायत, हवेत कार्बन मोनॉक्साइड, पुढून चेहरा भाजतोय आणि पाठ गोठतेय. उघड्या हाताने धातूला हात लावला तर कातडी चिकटते. हे तास-दीड तास, कधी दोन तास. डुलकी लागली, तर विमान गेलं. अशी कित्येक विमानं खरोखर जळाली.

तिकडे घरात दुसरा माणूस चुलीवर ऑइल तापवतोय. इंजिन हाताला उबदार लागलं, पंखा हाताने सहज फिरायला लागला, की आवाज द्यायचा. तापलेलं ऑइल पळत आणून ओतायचं, खोळ काढायची, पंखा फिरवायचा. आणि हे सगळं मिनिटांत, कारण थंडी थांबून बघत नाही. पहिल्या फटक्यात इंजिन पेटलं तर ठीक. नाही पेटलं, प्लगवर बर्फ बसला, तर ऑइल पुन्हा काढा, खोळ पुन्हा घाला. पहिल्यापासून सुरू. दिवस गेला.

याच पद्धतीवर १९२७ च्या मार्च-एप्रिलमध्ये कॅनडात वेस्टर्न कॅनडा एअरवेजच्या विमानांनी हडसन उपसागराजवळच्या चर्चिलला १४ माणसं आणि सुमारे आठ टन सामान पोहोचवलं. बंदर कुठे बांधायचं हे ठरवण्यासाठी जमीन तपासायला ती मंडळी चालली होती. विमान नसतं तर अख्खा मोसम थांबावं लागलं असतं. बंदर शेवटी चर्चिललाच झालं.

१९२९: तोच आजार, वेगळं उत्तर

आणि आता येतो तो प्रसंग, ज्यासाठी मी हा भाग केला.

डिसेंबर १९२८. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताच्या उत्तरेला फोर्ट व्हर्मिलियनजवळ पुन्हा घटसर्प. डॉक्टर हॅरल्ड हॅमन यांच्याकडे पुरेसं औषध नाही. गावात तार नाही. दोन माणसं घोड्यांच्या स्लेजवरून निरोप घेऊन पीस रिव्हर गावच्या तार ऑफिसकडे निघाली. जवळपास दोन आठवडे लागले फक्त निरोप पोहोचायला!

एडमंटनमध्ये तो निरोप विल्फ्रिड ‘वॉप’ मे याच्याकडे आला. पहिल्या महायुद्धात ज्याचा पाठलाग करताना जर्मनीचा प्रसिद्ध ‘रेड बॅरन’ मारला गेला, तोच हा. त्याच्या जोडीला व्हिक हॉर्नर. विमान कोणतं? ॲव्ह्रो एव्हियन. दोन जणांचं, उघड्या कॉकपिटचं, आणि हलक्या उन्हाळी सहलीला शोभेल असं छोट्या इंजिनाचं. स्कीसुद्धा नाहीत, साधी चाकं. २ जानेवारी १९२९ ला दोघे निघाले. सरळ रेषेत मोजलं तरी साडेपाचशे किलोमीटरच्या वर अंतर. औषध गोठू नये म्हणून ते पांघरुणात गुंडाळलेलं आणि सोबत कोळशाची छोटी शेगडी. वाटेत त्या शेगडीने पांघरुणच पेटलं! आग विझवून पुढे. रात्री मॅकलेनन गावात मुक्काम. दुसऱ्या दिवशी पीस रिव्हरला पेट्रोल भरलं आणि ३ जानेवारीला दुपारी फोर्ट व्हर्मिलियन.

मध्ये ती जी मुक्कामाची रात्र आहे ना, तिच्याकडे नीट बघा. बातम्यांत ती एका ओळीत संपते. पण उघड्यावर उभं असलेलं ते छोटं इंजिन सकाळी पेटलं नसतं, तर ही गोष्ट आज कोणी सांगितलीच नसती. ६ जानेवारीला दोघे परतले तेव्हा एडमंटनच्या ब्लॅचफर्ड फील्डवर हजारो लोक थंडीत त्यांची वाट बघत उभे होते.

चार वर्षांचं अंतर. आजार तोच, औषध तेच, थंडी तशीच. मधल्या काळात विमान काही जादूने बदललं नव्हतं. एव्हियन तर अगदीच किरकोळ विमान होतं. बदललं होतं ते एवढंच, की थंडीत छोटं इंजिन कसं जपायचं हे लोकांना आता ठाऊक होतं.

हे सगळं स्वस्तात मिळालं नव्हतं. १९२७ मध्ये आर्क्टिकच्या बर्फावर बिघडलेलं इंजिन दुरुस्त करताना आयलसनची बोटं गोठली आणि एक बोट कापावं लागलं. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२८ मध्ये, तो आणि ह्यूबर्ट विल्किन्स अलास्काच्या पॉइंट बॅरोहून उडून साडेवीस तासांत स्पिट्सबर्गेनला पोहोचले. आणि ९ नोव्हेंबर १९२९ ला, बर्फात अडकलेल्या ‘नानुक’ या जहाजावरची माणसं आणि माल आणायला सैबेरियाच्या किनाऱ्याकडे जाताना, तो आणि त्याचा मेकॅनिक अर्ल बोरलंड वादळात गेले. पुढच्या जानेवारीच्या अखेरीस जो क्रॉसन आणि हॅरल्ड गिलम या वैमानिकांना बर्फातून वर आलेला विमानाचा पंख दिसला.

आयलसनच्या नावाचा आज अलास्कात हवाई तळ आहे. बोरलंडचं नाव माझ्या कानावर हा भाग करेपर्यंत आलं नव्हतं. सकाळी खोळीखाली बसणारा माणूस बहुधा बोरलंडच असायचा.

शेगडीपासून एसएमएसपर्यंत

पुढचं भराभर सांगतो. १९४० मध्ये अमेरिकेने फेअरबँक्सजवळ लॅड फील्डवर थंडीत विमानं तपासायचं केंद्रच काढलं. दुसऱ्या महायुद्धात दोन गोष्टी रुळल्या. एक म्हणजे मोठाले फिरते हीटर, जाड नळीतून गरम हवा थेट इंजिनावर सोडणारे. ज्योत विमानापासून लांब, ऊब मात्र जवळ. दुसरी युक्ती ऐकायला वेडगळ वाटते: इंजिन बंद करायच्या जरा आधी ऑइलमध्ये मापून पेट्रोल मिसळायचं. ऑइल पातळ होतं, रात्री थिजत नाही, आणि सकाळी इंजिन तापलं की पेट्रोल आपोआप उडून जातं. याच जोरावर फेअरबँक्समार्गे जवळपास आठ हजार विमानं सोव्हिएत रशियाला पोहोचली.

आज छोट्या विमानांच्या ऑइल टाकीला आणि सिलिंडरना विजेच्या गाद्या चिकटवलेल्या असतात. वरून गोधडीसारखी खोळ. लायकमिंग कंपनी आपल्या बहुतेक इंजिनांबाबत सांगते की उणे १२ अंशांच्या खाली आधी गरम केल्याशिवाय सुरू करू नका. कॉन्टिनेन्टलचा आकडा उणे ७ चा. आणि आता तर सिमकार्डवाला स्विच मिळतो. वैमानिक घरून मेसेज टाकतो, हँगरमधला हीटर चालू होतो. दोन तासांचं काम उरलंच आहे. फक्त ते करायला आता कोणाला धुरात बसावं लागत नाही.

माझ्या कामात मी हा अनुभव घेतलाय, छोट्या प्रमाणात. एका मोठ्या डेमोच्या आदल्या रात्री मी सर्व्हर जागे ठेवणारी एक फालतू वाटणारी स्क्रिप्ट चालवायला विसरलो होतो. सकाळी समोर क्लायंट, आणि स्क्रीनवर गोल फिरणारं चक्र. कोणी मेलं नाही अर्थात. पण तेव्हा कळलं की काम बिनबोभाट होतं तेव्हा ते कोणालाच दिसत नाही. नोमच्या वेळी ते करायची पद्धत नव्हती, तर औषध असूनही विमान जमिनीवर राहिलं. फोर्ट व्हर्मिलियनच्या वेळी ती होती, तर हलकंफुलकं विमानही पुरलं.

एपिसोड रेकॉर्ड करायच्या आधी दादाला पुन्हा फोन केला. ब्लॅचफर्ड फील्डबद्दल विचारलं. म्हणाला, “अरे, ते विमानतळ २०१३ मध्येच बंद झालं. तिथे आता त्याच नावाची वसाहत होतेय. माझ्या ऑफिसपासून जवळच आहे.” मग मी त्याला १९२९ ची गोष्ट सांगितली. तो जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “थांब, खाली जाऊन गाडीचा प्लग लावून येतो. बोलता बोलता विसरलोच होतो.”

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल, जो सगळ्यांच्या आधी उठून कशाची तरी ‘ऊब’ तयार ठेवतो, मग ती शाळेच्या बसची असो, बेकरीच्या भट्टीची असो किंवा रुग्णालयातल्या जनरेटरची, तर त्यांना हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!